हौसाबाईसारखं

आई पायवाटेवर कांदा लावत होती. लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं, आधी घराचं सांगायचं, गावाचं सांगायचं आणि मग सावकाश तिथवर यायचं. पण आमच्या गावाचं, डिंगोऱ्याचं, नाव काढलं की डोळ्यापुढं पहिलं तेच येतं. पदर कमरेला घट्ट खोचून माझी आई उकिडवी बसलीय, चार-चार बोटांवर एकेक रोप चिखलात दाबत मागं मागं सरकतेय, आणि वाफा कधीच संपलाय. रोपं माणसांच्या जायच्या-यायच्या वाटेत उभी आहेत, एका ओळीत, तिच्या हातची असतात तशीच देखणी. आणि रानातल्या सगळ्या बाया काम थांबवून बघतायत. तिच्याकडं नाही, माझ्याकडं. 

असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काही कळायचं नाही. मी जन्मभर एसटीत कंडक्टर होते, गाडी स्टँडवरूनच सोडायची सवय आहे. तर बसा नीट, पहिल्यापासून सांगते.

आमच्या घरात माणसं कमी आणि शब्द त्याहून कमी. दादा, म्हणजे माझे वडील, मुंबईला मार्केटात माथाडी होते. गावच्या यात्रेला आणि गणपतीला यायचे, येताना खारी-बटर आणायचे, ओसरीवर पडून झोपेची कसर भरून काढायचे आणि परत जायचे. बाकी सगळं वर्ष मी, आई, गोठ्यातली म्हैस आणि घरामागचं कांद्याचं रान. आईचं माहेर तिकडं आंबेगावात, शिनोलीला. भीमाशंकराच्या वाटेवरच्या त्या गावातून ती लग्न होऊन इकडं आली ती हातात काम घेऊनच आली, असं माझी आजी म्हणायची. सकाळी मला जाग यायची ती भाकरी थापायच्या आवाजानं. थप थप थप, मग तव्यावर पाणी फिरवल्याचा चर्र आवाज, मग फुंकणी. तो आवाज एका लयीत असायचा. लय चुकली तर समजायचं, आज आईचं काहीतरी बिनसलंय. पण ती कधी चुकायची नाही.

आईचा लाडका शब्द होता, 'परत'. मी भांडी घासून पालथी घातली की ती येऊन एकेका भांड्याच्या आतून बोट फिरवायची. बोट चिकटलं की म्हणायची, "परत." ओरडायची नाही, मारायची तर नाहीच. अंगण झाडलं आणि कोपऱ्यात पाचोळा राहिला, परत. घागर काठोकाठ भरली नाही, परत. तिला वाचता येत नव्हतं, पण माझ्या अभ्यासाचं पान उलटं करून मागून बोटांनी चाचपायची आणि म्हणायची, "रागानं लिवलंयस. परत." आणि खरंच मी रागानं लिहिलेलं असायचं! मी चरफडायचे. मैत्रिणी लगोऱ्या खेळायच्या तेव्हा मी तिसऱ्यांदा चूल सारवत असायचे. पण करता करता माझ्या हाताला ती सवय लागली. पुढं एसटीत गेल्यावर रात्रपाळीचा हिशेब देऊन बाकीचे निघून जायचे आणि मी सुट्ट्या पैशांची पिशवी पुन्हा एकदा चाचपायचे, ते काय साहेबांच्या भीतीनं नव्हे. कानात "परत" ऐकू यायचं म्हणून.

आणि दुसरा शब्द होता, 'हौसाबाईसारखं'. हौसाबाई म्हणजे आमच्या शेजारची हौसाकाकू. अंगानं भरलेली, दातांना मिश्री, आणि तोंडाला जी काही कुलपं असतात त्यातलं एकही देवानं तिला दिलेलं नव्हतं. रानात जाताना बोलायची, येताना बोलायची, ऐकायला कुणी नसलं तर म्हशीशी बोलायची. कामाला सावकाश. आईच्या डोक्यात ती जायची. मी काही बिघडवलं की आई नुसतं "परत" म्हणायची, पण फारच बिघडवलं की म्हणायची, "हौसाबाईसारखं केलंस." आमच्या घरात याच्यापलीकडं शिवी नव्हती. मला वाटायचं, जगात दोन प्रकारची माणसं असतात, एक आईसारखी आणि एक हौसाबाईसारखी, आणि दुसऱ्या प्रकारात जाण्यापेक्षा मेलेलं बरं.

आता वारंगुळ्याचं सांगायला पाहिजे, कारण आजकालच्या पोरांना तो शब्दच माहीत नाही. आता लागणीला टोळ्या येतात, पिकअपमधून उतरतात, एकरावर ठरवतात, कानात वायरी घालून मोबाईलवरची गाणी ऐकत कांदा लावून जातात. त्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांचं पोट आहे ते. पण तेव्हा आमच्याकडं वारंगुळा होता. आज आम्ही सगळ्या तुझ्या रानात, उद्या सगळ्या माझ्या रानात. हाताला हात. ज्या घरातून हात येणार नाही त्या घराच्या रानात हात जाणार नाहीत, इतकं साधं. आणि कांद्याचं रोप उपटलं की ते थांबत नाही, वाफ्यात पाणी सोडलं की ते थांबत नाही. एकट्या बाईला ते रान लावून होत नाही. म्हणजे आमचं सगळं घर आईच्या दोन हातांवर त्या वारंगुळ्यात टिकून होतं. आई बसली, तर तिच्या जागी दुसरा हात द्यावा लागणार, आणि आमच्या घरात दुसरा हात एकच होता. माझा.

मी दहावीत गेले आणि आईनं मला रानात यायला बंदी केली. मला तर धक्काच बसला. ज्या बाईनं मला पाटी-पेन्सिलीच्या आधी खुरपं दिलं, ती म्हणते, "सुमे, दहावी हाय. पुस्तक सोडून हलायचं न्हाई. रानाकडं आलीस तर तंगडं मोडीन." मी मनात म्हटलं, वा, देव पावला! ओझरच्या गणपतीला नारळ बोलले होते मी, दहावीत अभ्यासाला वेळ मिळू दे म्हणून. त्या वर्षी बाकीही काही गोष्टी बदलल्या होत्या. भातात खडे लागायला लागले. पोह्यात दोनदा मीठ पडायचं. भर दुपारी आई चिमणी लावायची. ओसरीवर कुणी आलं की "या" म्हणायच्या आधी "कोण हाय?" म्हणायची. आणि वस्तू! चिमटा एक वीतभर जरी सरकवला तरी ती अशी कडकडायची की विचारू नका. "जागच्या जागी! जागच्या जागी ठिवायला काय हात झडत्यात काय?" मला वाटलं, आईची शिस्त वाढलीय. दहावीची पोरगी म्हणून मला धार लावतेय. मी मुकाट्यानं चिमटा जागच्या जागी ठेवायचे आणि मनातून तिला आणखी मोठी समजायचे.

तो रविवार थंडीचा होता. लागणीचे दिवस. आई सकाळीच हौसाकाकूच्या रानात गेली होती, त्या दिवशी काकूच्या रानाची पाळी होती. आणि चुलीपाशी फडक्यात बांधलेली भाकरी तशीच राहिलेली. आई भाकरी विसरली! मी ते फडकं बघतच राहिले. आई कधी काही विसरत नसे. भाकरी नेहमीच्या जागी, चुलीच्या बाजूच्या वैलापाशी नव्हती, मीच सकाळी चहा करताना ती पलीकडं सरकवली होती. तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. मी म्हटलं, बंदी असली तरी उपाशी ठेवायचं का तिला, आणि फडकं घेऊन निघाले.

बांधावर पोचले तेव्हा लांबूनच हौसाकाकूचा आवाज येत होता. काय ती बडबड! कुणाच्या सुनेचं डोहाळजेवण, कुणाच्या शेळीचा पाय मोडलेला. बाया ओळीनं आपापल्या साऱ्यात बसलेल्या, सारा म्हणजे लांबट अरुंद वाफा. पाणी सोडून चिखल मऊ केलेला, हातात रोपांच्या जुड्या, आणि सगळ्या मागं मागं सरकत लावतायत. आई एका टोकाला होती. तिचा हात तसाच चालत होता, सपासप. हौसाकाकू तिच्या शेजारच्या साऱ्यात, नेहमीसारखी मागं पडलेली. मी मनात म्हटलं, बघा, स्वतःच्या रानातसुद्धा हिला झटायला नको. आणि तेवढ्यात मला दिसलं की हौसाकाकू आपल्या साऱ्यात लावतच नव्हती. ती वाकून आईच्या साऱ्यात हात घालत होती. आईनं एका जागी दोन रोपं लावली होती, त्यातलं एक उपसून मोकळ्या जागी लावत होती. सुटलेल्या जागा भरत होती. आईच्या साऱ्याचा एक पट्टाच्या पट्टा ती पुन्हा लावत होती, आणि तोंडानं शेळीचा पाय मोडल्याचं सांगत होती.

आणि आई साऱ्याच्या शेवटाला पोचली. तिथं पाट फुटून पाणी वाटेवर आलं होतं, वाट चिखलानं मऊ झाली होती. आई थांबली नाही. एक रोप, चार बोटं, दुसरं रोप. ती वाट ओलांडून लावत चालली. माझ्या पायापर्यंत आली.   तिनं मान मागं वळवली, सरळ माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "कोण हाय?"

स्वतःच्या आईनं आपल्याकडं बघून कोण आहे विचारावं! तिच्या डोळ्यांत राखाडी रंगाचा पडदा होता. तो काय एका दिवसात आला नव्हता, मी रोज ताटापुढं बसत होते तिच्या. हौसाकाकूनं पलीकडून माझ्याकडं बघत चिखलाचं बोट ओठांवर ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "अगं बया, पारूबाई, तुझी सुमी आलीय भाकरी घिऊन! आन त्या टोकाला थांब, मेलं पाणी फुटलंय तिकडं, मलाच दिसलं न्हाई मगाशी." आई चटकन उठली. "सुमे, तुला सांगितलं व्हतं ना, रानात यायचं न्हाई!" पण आवाजात रागापेक्षा दुसरंच काहीतरी होतं. ती घाबरली होती. माझी आई घाबरलेली मी तोवर बघितली नव्हती.

पाणी आणायच्या निमित्तानं हौसाकाकूनं मला विहिरीवर नेलं. मी तिच्यावर ओरडलेच. "काकू, आईला दिसत न्हाई?"

"हळू बोल. कमी दिसतंय. पावसाळ्यापास्नं."

"आन तुमी सगळ्या गप बसलाय?"

"मंग काय दवंडी पिटू? तिनं आमाला सांगितलेलं न्हाई. आमीच वळखलं. ती चालताना माझ्या आवाजाच्या मागं मागं येती." हौसाकाकूनं पदरानं तोंड पुसलं. "म्हणून तर बोलत असते सारखी. गप बसले तर तिला वाट कशी घावंल?"

ती बडबड, जिला आई रोज संध्याकाळी नावं ठेवायची!

"तिला माहीत हाय, तुमी मागनं लावता ते?"

"न्हाई गं बाई. तिला वाटतंय आपला हात अजून तसाच हाय. कळलं तर मरंल ती." मग ती हसली, मिश्रीचे काळे दात दाखवत. "आन मला शिव्या देती, मागं राह्यलीस म्हणून. द्यायच्या तर दिऊ दे. दोन सारे लावायचे म्हंजी मागं राहणारच की मी."

मी म्हटलं, "पण आईनं दवाखान्यात जायला काय हरकत हाय?"

हौसाकाकूनं माझ्याकडं असं बघितलं की मीच चिमुरडी झाले. "डॉक्टर म्हणंल, घरी बस. ती घरी बसली की वारंगुळ्यात हात कुणाचा? तुझाच ना? मंग तुझी दहावी? येडी हायस का तू? तुझ्यासाठी करतीय ती सगळं. आन तुझ्या कानावर ही गोष्ट आलेली जर तिला कळली ना, तर मी तुला ह्या विहिरीत ढकलीन."

त्या दिवसानंतर घरात मी वेगळीच मुलगी झाले. चिमटा सरकला की आई का कडकडते ते कळलं होतं. मी ज्याला शिस्त समजत होते ते आंधळेपण होतं. आई चुलीपुढं बसून बोटांनी तव्याचा काठ चाचपायची आणि मग भाकरी टाकायची. थप थप थप तीच लय. मला ती लय ऐकून रडू यायचं आणि मी इतिहासाचं पुस्तक तोंडापुढं धरायचे. खडे मी तिच्या नकळत निवडायला लागले. तिनं एकदा भात खाऊन विचारलं, "आज तांदूळ बरा लागला?" मी म्हटलं, "हो, चांगला आलाय या वेळी." दोघी एकमेकींपासून तीच गोष्ट लपवत होतो. जेवताना आमच्या दोघींमध्ये तो चिमणीचा उजेड असायचा आणि तो फक्त माझ्या कामाचा होता.

मग आमच्या रानाची पाळी आली. ज्या घरी लागण असते तिथं जेवण त्या घरचं, आणि आई लागणीला मासवडी करायची. बेसनाचा गोळा ओल्या फडक्यावर थापायचा, मध्ये तीळ-खोबऱ्याचं सारण भरायचं, फडक्यासकट वळायचं, आणि गार झाल्यावर तिरप्या वड्या पाडायच्या. त्या वर्षीची मासवडी तिनं डोळे मिटून केली. मिटूनच, खरंच. मी बाजूला बसून बघत होते. एकही वडी जाड-बारीक नाही. तिच्या बोटांना सगळं माहीत होतं. सोबतच्या रश्शाचा वास दारापासून गोठ्यापर्यंत पसरला होता आणि हौसाकाकू दारातूनच ओरडली, "पारूबाई, आज लागण राहू दे, आधी वाढ!"

दिवसभर लागण झाली. आई सगळ्यांच्या आधी रानात उतरली. हौसाकाकू तिच्या शेजारी बसली आणि मागं पडली. आई म्हणाली, "हौसाबाई, माझ्या रानात तरी जरा हात हलीव की!" बायांनी माना खाली घातल्या. घरचीच लागण म्हणून त्या दिवशी मला रानबंदी नव्हती, मी रोपं वाटत होते. उन्हं उतरली, सारे संपले, बाया हातपाय धुवायला विहिरीकडं निघाल्या. आणि आई मागं राहिली. स्वतःच्या रानात ती नेहमी शेवटी एकदा सगळी लागण तपासायची. हौसाकाकूनं ओळखलं. "पारूबाई, चल गं, चहा टाक आधी, गार पडलो आमी." पण आई ऐकते होय! ती वाकली आणि स्वतःच्या साऱ्यातून हात फिरवत निघाली.

आईची लागण अंगठ्याची होती. रोप ठेवायचं आणि अंगठ्यानं दाबायचं, रोपापाशी एक खळगी राहायची. हौसाकाकू दोन बोटांनी दाबायची. हे सगळ्यांना माहीत होतं, पण आम्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. आई थोडी पुढं गेली. थांबली. मागं आली. पुन्हा हात फिरवला. मग एकदम ती चिखलात बसली, आणि इतक्या हळू बोलली की विहिरीपाशी गेलेल्या बायांना ऐकू यायला नको होतं, पण सगळ्यांनी ऐकलं.

"ह्या साऱ्यात माझा अंगठा न्हाई."

म्हैस ओरडत होती गोठ्यात.

"कधीपास्नं?" आईनं विचारलं. "हौसाबाई, ही तुझी बोटं हायत. सगळा सारा तुझ्या बोटांचा हाय. कधीपास्नं लावतीस माझ्या मागनं?" हौसाकाकूला जन्मात पहिल्यांदा बोलायला शब्द सापडेना. मग आईनं मान फिरवली, माझ्याकडं नाही, माझ्या जरा डावीकडं. "सुमे. तुला माहीत व्हतं?"

"हो," मी म्हटलं.

आईच्या तोंडाकडं मला बघवेना. रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बसून राहिली, एका हाताची बोटं चिखलात रुतलेली. मला वाटलं, आता हिचं काहीतरी होणार. जी बाई भांड्याला बोट चिकटलं तर सोडत नव्हती, तिला आज कळलं होतं की आपली सगळी लागण दुसरी कुणी पुन्हा करतेय, आणि तीही हौसाबाई. मग ती सावकाश म्हणाली, "उद्यापास्नं मी येणार न्हाई. फुकटचा हात कुणाचा घेतला न्हाई आजवर. माझ्या जागी..."

पुढचा शब्द सगळ्यांना माहीत होता. दहावी, जुन्नरचं कॉलेज, सगळं त्या एका शब्दाच्या पलीकडं होतं. आणि तो शब्द तिच्या तोंडातून निघायच्या आत हौसाकाकू कडाडली. "जागी-बिगी कुणी न्हाई! ऐकून घे माझं, पारूबाई. जन्मभर मला नावं ठिवलीस, मी एक शब्द बोलले न्हाई. आज बोलते. तू लावायची न्हाईस, बरं. बांधावर बसून जुड्या बांध. रोप निवडायला काय डोळं लागत्यात? बारीक-जाड तुझ्या बोटाला कळतंय तसं आमच्या एकीलाही कळत न्हाई. बांधावर बसणारी पण वारंगुळ्याचीच असती."

"बसून केलेलं काम पुऱ्या हाताचं न्हाई," आई म्हणाली. असला हट्ट! त्या अवस्थेतही! "ते अर्ध्या हाताचं. उरलेला अर्धा आमच्या घरातनंच येईल."

"मंग रविवारी सुमीला पाठव. आठवडाभर शाळा, रविवारी रान. झाला का तुझा अर्धा हात?" आणि बाकीच्या बाया एकदम बोलायला लागल्या, झाला, झाला, आता चहा टाका.

आई उठली. हात पुसले. आणि जे बोलली त्यानं मी हादरलेच. "सुमे, लागण हौसाबाईकडनं शिक. मला आता तुझं काम बघता यायचं न्हाई." ज्या नावानं मला लहानपणापासून भीती घातली, त्या बाईच्या हाताखाली तिनं मला स्वतःहून दिलं. हौसाकाकूला हसू आवरेना आणि रडूही. म्हणाली, "बघ बरं पारूबाई, पोरगी बिघडंल."

त्या हिवाळ्यातले रविवार मी हौसाकाकूच्या शेजारच्या साऱ्यात काढले, तिच्या रानाचा पायवाटेपलीकडचा राहिलेला तुकडाही त्यातच लागला. ती "परत" म्हणत नसे. ती बोलत असे, आणि बोलता बोलता माझं चुकलेलं रोप उपसून नीट लावून देत असे, मला कळायच्याही आत. मी पुढं जायची घाई केली की म्हणायची, "एवढं पळून कुठं जायचंय? सारा संपला की मागं बघ, कोण राह्यलंय." आईनं मला काम चोख करायला शिकवलं, दुसरीचं राहिलं असेल तर आपलं काम अजून संपलेलं नाही, हे हौसाकाकूनं. पुढं नोकरीत नवीन पोरी रूटवर आल्या, गोंधळायच्या, रडायच्या, तेव्हा मी त्यांच्या आधी निघून जाऊ शकत नव्हते. लोक म्हणायचे, ही बाई फुकटची मरते. मरते तर मरते! हौसाकाकू अजून आहे. आता तिला ऐकायला कमी येतं. मी गावी गेले की रानापर्यंत तिच्या पुढं मोठ्यानं बोलत जाते.

बाकीचं थोडक्यात. जुन्नरला डोळ्यांचं शिबिर लागलं, दादा मुंबईहून आले, आईला घेऊन गेले. एका डोळ्याला दृष्टी आली. दुसऱ्याला उशीर झाला होता, डॉक्टरांनी तसं तोंडावर सांगितलं. माझी परीक्षा संपली होती, उन्हाळा लागला होता. आईची पट्टी निघाली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "चल, रानं बघू." सगळी रानं बघितली तिनं. कांदा मोठा झाला होता, पात वाळत आली होती. शेवटी आम्ही हौसाकाकूच्या रानात आलो, त्याच पायवाटेवर. तिथल्या कडेच्या साऱ्यापाशी आई थांबली. वाकली, एक कांदा उपटला, माती झटकली. मग तो एक चांगला डोळा बारीक करून सारा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. सरळ, चार बोटांवर.

"ही कुणाची लागण?"

"माझी," मी म्हटलं. मी "परत" ऐकायला तयार झाले होते.

आईनं कांद्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "हौसाबाईसारखी हाय." आणि कांदा माझ्या हातात देऊन वाटेनं पुढं चालायला लागली, कुणाच्या आवाजाशिवाय.